दास, पण कुणाचे? शरणपूरच्या मुक्त गुलामांचा इतिहास

काही वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळातील एका रविवारी ‘आपण सारे परमेश्वराचे दास’ या विषयावर मी प्रवचन केले. मिस्सा आटोपल्यावर धर्मग्रामातील एक तरुण सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभा राहिला. आवाज न चढवता तो म्हणाला, “फादर, माझ्या पणजोबांनी जन्मभर गावकी केली. दारोदार उभे राहून भाकरी मागितली. आजोबांनी ते सोडले. आता मी ख्रिस्तमंदिरात येऊन पुन्हा दास व्हायचे का?” मी त्याला काहीतरी उत्तर दिले. ते पुरेसे नव्हते, हे आम्हा दोघांनाही तत्क्षणी जाणवले.

ज्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला प्रारंभ झाला आणि ज्या जिल्ह्यातील येवल्यात १९३५ साली डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तेथे हा प्रश्न सहज विचारलेला नसतो. महारकी वतन कायद्याने नष्ट झाले ते १९५८ साली. आपल्या अनेक कुटुंबांत त्याची आठवण सांगणारी माणसे अलीकडेपर्यंत होती. तेव्हा ‘दास’ हा शब्द आपण कोणत्या अर्थाने उच्चारतो, याचा हिशेब देणे धर्मगुरूला चुकवता येणार नाही. तो हिशेब मांडताना मला नाशिकच्याच इतिहासातील एक प्रकरण उपयोगी पडले.

शरणपूर रोडने आपण नित्य जातो-येतो. त्या नावामागचे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसले. अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ते ख्रिस्ती वसाहत म्हणून उभारले. शरण आलेल्यांचे पूर म्हणून शरणपूर! पुढे तेथे एका निराळ्याच शरणार्थींना आसरा मिळाला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसांची खरेदी-विक्री करणारी गलबते अरबस्तानाकडे जात असत. ब्रिटिश आरमार त्यांतली काही पकडी आणि सुटका झालेल्यांना मुंबईस उतरवी. त्यांतील अनेक मुले शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात आली. त्यांच्या मायबापांचा पत्ता नव्हता, मूळ नावेही मागे राहिली होती. तेथे ती लिहायवाचायला शिकली, सुतारकाम व लोहारकाम शिकली आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आफ्रिकी गुलाम महाराष्ट्राला नवखे नव्हते. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर हा बालपणी विकला गेलेला हबशीच होता. वाचकहो, आपल्या कॅथलिक इतिहासाकडेही येथे डोळेझाक करून चालणार नाही. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात कॅथलिक घरांतून आणि धर्मसंघांच्या मठांतूनही आफ्रिकी गुलाम राबत होते. पोप पाचवे निकोलस यांच्या १४५२ च्या आज्ञापत्राने पोर्तुगालच्या राजाला परधर्मीयांना दास्यात टाकण्याची मुभा दिली होती. पोप तिसरे पॉल यांनी १५३७ साली अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली, सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा कठोर निषेध केला. त्या जुन्या आज्ञापत्रांचा आधार घेणारा सिद्धांत मात्र व्हॅटिकनने अधिकृतपणे अव्हेरला तो मार्च २०२३ मध्ये. एवढा काळ का लागला, हे विचारण्याचा त्या तरुणाला अधिकार आहे.

आता शरणपूरकडे वळू. १८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी नाशिकच्या आश्रमातील नऊ तरुण आपल्या अखेरच्या आफ्रिका-प्रवासासाठी निवडले. १८७२ मध्ये त्यांच्या मदतीला आणखी काही नाशिककर धाडण्यात आले, त्यांत जेकब वेनराइट हा याओ जमातीचा तरुण होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावले. धनी गेला होता. वेतन देणारा, हुकूम करणारा कोणी उरला नव्हता. आपापल्या वाटेने निघून जायला त्या माणसांना कोणाचीच आडकाठी नव्हती.

सुसी, चुमा, जेकब आणि त्यांच्या सोबत्यांनी एकत्र बसून विचार केला. लिव्हिंग्स्टन यांचे हृदय त्यांनी एका वृक्षातळी पुरले. अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली आणि त्या झाडावर नाव व तारीख कोरली. मग मिठाने व उन्हाने सुकवलेला देह खांद्यावर घेऊन ते समुद्राकडे निघाले. वाट हजार मैलांहून अधिक होती. वाटेत रोगराई होती, वैर होते, काही सोबती दगावलेही. ताबोरानजीक कॅमेरॉन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांना देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो नाकारला. साहेबाला नकार देणारी ही माणसे एकेकाळी बाजारात विकली गेली होती, हे विसरू नये.

फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले. तेथे तो देह स्वीकारला गेला, तो पवित्र आत्म्याच्या संघाच्या कॅथलिक धर्मगुरूंच्या मिशनमध्ये. त्या मिशनरींनीही मुक्त गुलामांसाठीच १८६८ साली तेथे वसाहत उघडली होती. एका प्रॉटेस्टंट प्रवाशाचा, अँग्लिकन आश्रमात वाढलेल्यांनी वाहून आणलेला देह कॅथलिक छपराखाली विसावला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले. शवपेटीला साथ देणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. सुसी आणि चुमा यांना मात्र इंग्लंडला नेण्यात आले, ते अंत्यविधी उरकल्यावर.

१८७३ हे साल आणखी दोन गोष्टींसाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. त्याच वर्षी पुण्यात महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना ती अर्पण केली. समुद्रापलीकडची गुलामी आणि गावकुसाबाहेरची गुलामी यांचे नाते जोतीरावांनी ओळखले होते.

पुढे १८७५ च्या सुमारास प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसवले आणि शरणपूरची शंभराहून अधिक माणसे तेथे गेली. त्यांतील विल्यम जोन्स १८८५ साली डीकन झाले. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर बिशप हॅनिंग्टन यांची हत्या झाली, तेव्हा वाचलेल्या लोकांना परत आणले ते याच जोन्स यांनी. नंतर ते रबई येथील मिशनवर असताना धन्यांकडून पळालेले शेकडो गुलाम तेथे आश्रयाला आले. मालक त्यांना परत मागत होते, कायदा मालकांच्या बाजूने होता, वरिष्ठही धास्तावले होते. अखेरीस मालकांना भरपाई देऊन, १८८९ च्या नववर्षदिनी, सुमारे चौदाशे माणसांना मुक्तिपत्रे देण्यात आली. शरणपुरात शरण आलेला मुलगा रबईत इतरांचे शरणस्थान झाला होता.

याचा अर्थ या इतिहासात सारे उजळच होते असा नव्हे. मिशनची माणसे त्यांना वयात आल्यावरही ‘नासिक बॉइज’ म्हणजे नाशिकची पोरेच म्हणत राहिली. मौज अशी, की ‘गुलाम’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थही ‘पोर’ असाच आहे. साखळी तुटली तरी संबोधन तेच उरते. ख्रिस्तसभेत सेवेची भाषा कशी बिघडते, ते येथे दिसते. दुसऱ्याला नम्र ठेवण्यासाठी ‘तू सेवक हो’ असे सांगितले, की ती सुवार्ता राहत नाही, गावकीच होते.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या प्रारंभी स्वतःला ख्रिस्ताचा ‘दूलोस’ म्हटले आहे. या ग्रीक शब्दाचा अर्थ चाकर नव्हे, गुलाम असा आहे. ज्या नगरात गुलामांची संख्या प्रचंड होती, तेथे एक रोमन नागरिक स्वखुशीने ते नाव घेतो. पण तोच पौल करिंथकरांना बजावतो की, तुमची किंमत ख्रिस्ताने चुकती केली आहे, आता माणसांचे गुलाम होऊ नका. ही दोन वाक्ये एकत्र वाचली पाहिजेत. धनी एकच असेल, तर दुसऱ्या कोणालाही धनी म्हणवून घेता येत नाही. फिलिप्पैकरांस लिहिताना तर पौल म्हणतो की, दासाचे रूप प्रथम घेतले ते प्रभूनेच. शेवटच्या भोजनाच्या रात्री पाय धुतले, ते गुरूने. आणि त्याच रात्री त्याने शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हटले.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. आपल्या नाशिकजवळच्या टाकळीला तप केलेल्या पुरुषाने ‘रामदास’ हे नाव मिरवले, ते लाचारीने नव्हे. मरियामातेने स्वतःला प्रभूची दासी म्हटले आणि लगोलग आपल्या स्तोत्रात बलवंतांना सिंहासनावरून खाली ओढणाऱ्या देवाची थोरवी गायिली. सुदानमध्ये विकली गेलेली संत जोसेफिन बखिता देवाला ‘मालक’ म्हणे. तिला पूर्वीचे मालक ठाऊक होते, म्हणूनच या मालकाचे वेगळेपण तिला कळले. १८८९ साली व्हेनिसमध्ये न्यायालयाने ती स्वतंत्र असल्याचे जाहीर केले, तेव्हा मालकिणीबरोबर जाण्यास तिने आधीच नकार दिला होता.

त्या तरुणाला मी पुढे पुन्हा भेटलो. त्याला सांगितले, की तुझ्या पणजोबांना कोणी विचारले नव्हते, जेकबला चितांबोच्या गावी कोणी भाग पाडले नव्हते. फरक एवढाच आहे आणि तो सर्वस्वाचा आहे. त्याने विचार करून विचारले, “मग फादर, आमच्या ख्रिस्तमंदिरात सतरंज्या अंथरायला, भांडी घासायला नेहमी तीच दोन-तीन घरे का असतात?”

पुढच्या सणाला सतरंज्या मी अंथरल्या. पाहून काही जण पुढे आले, काही जण अवघडून उभे राहिले. त्या तरुणाने दुसरे टोक धरले.