रिद्धपूरची प्रश्नपरंपरा आणि स्थानिक स्वराज्याचा प्राथमिक पाठ

प्रस्तावना

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्यस्थान, महानुभाव पंथाचे श्रेष्ठ तीर्थक्षेत्र आणि मराठी गद्याचे उगमस्थान म्हणून सर्वश्रुत आहे. २०२४ मध्ये येथे मराठी भाषा विद्यापीठाचे अध्यापन सुरू झाल्याने अभ्यासकांचे लक्ष पुन्हा या गावाकडे वळले आहे. तथापि अशा गावातील प्राथमिक शाळेचा विद्यार्थी लोकशाही कशी शिकतो, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. स्थानिक शासनाच्या पाठाचा गाभा संस्थांची माहिती हा नसून प्रश्न विचारण्याचा अधिकार हा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

शाळा आणि स्थानिक स्वराज्य

लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावात स्थानिक स्वराज्याकडे मुख्यतः लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन म्हणून पाहिले होते; कारभाराची सोय हा हेतू त्यात दुय्यम होता. त्याच वर्षी नेमलेल्या हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपविण्याची शिफारस केली. म्हणजे प्रौढांना कारभार शिकविणारी संस्था आणि बालकांना अक्षरे शिकविणारी संस्था यांची सांगड प्रारंभापासूनच घातली गेली.

वऱ्हाडात या सांगडीला सामाजिक आशय दिला तो डॉ. पंजाबराव देशमुख यांनी. १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी प्राथमिक शिक्षणाच्या प्रसारावर भर दिला आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या करण्याचा आग्रह धरला. विहीर आणि शाळा हे दोन्ही विषय एकाच सभागृहात येत होते, ही बाब लक्षणीय आहे. पुढे वऱ्हाडचेच सुपुत्र वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. विद्यार्थी ज्या संस्थेविषयी पाठ वाचतो, तीच संस्था त्याची शाळा चालविते.

पाठ्यपुस्तक आणि वास्तव

बालभारतीच्या २०१६ च्या इयत्ता सहावीच्या पुस्तकात ग्रामीण स्थानिक शासन संस्थांवर स्वतंत्र पाठ आहे. ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या ७ ते १७, कार्यकाल ५ वर्षे, वर्षातून किमान ४ ग्रामसभा ही माहिती आवश्यकच आहे. परंतु परीक्षेत तिचे रूपांतर रिकाम्या जागा भरण्यात होते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर अमरावती जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासकाकडे गेला. राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची स्थिती तीच झाली व ती काही वर्षे टिकली. या काळात सहावीत शिकणाऱ्या मुलाने पुस्तकात निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांविषयी वाचले, तेव्हा त्याच्या शाळेचा कारभार पाहणाऱ्या जिल्हा परिषदेत असा एकही पदाधिकारी नव्हता. पाठ आणि अनुभव यांतील हे अंतर त्याला कोणी समजावून सांगितले नाही, तर दोहोंपैकी एकावरचा त्याचा विश्वास उडणे स्वाभाविक आहे.

रिद्धपूरचा वारसा

येथे रिद्धपूरच्या परंपरेचे स्मरण उपयुक्त ठरते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त महदाइसा सतत प्रश्न विचारताना दिसते. श्रीचक्रधरस्वामी तिच्या जिज्ञासेला उत्तरे देतात. पुढे नागदेवाचार्यांनी धर्मचर्चा संस्कृतात न नेता मराठीतच ठेवण्याचा आग्रह धरला. त्यामागे सामान्य स्त्रिया ज्ञानास पारख्या होऊ नयेत ही दृष्टी होती. या पंथीय व्यवहाराला आधुनिक अर्थाने लोकशाही म्हणणे कालविपर्यासाचे होईल. येथील अधिकार श्रद्धेतून येत होता, मतदानातून नव्हे. परंतु प्रश्न विचारणे हा अनादर नसून ज्ञानाचा मार्ग आहे, आणि उत्तर विचारणाऱ्याच्या भाषेत मिळाले पाहिजे, ही दोन मूल्ये लोकशाही शिक्षणालाही तितकीच लागू पडतात. आजच्या कायद्याने ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद केली आहे, तीही स्त्रियांना प्रश्न मांडता यावा यासाठीच होय.

निष्कर्ष

ग्रामसभेस १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला गणपूर्तीचे बंधन उरत नाही. ही तरतूद पाठ करणारा विद्यार्थी गुण मिळवील. परंतु ‘लोक का आले नाहीत?’ असे विचारणारा विद्यार्थी नागरिक होईल. म्हणून शिक्षकाने मुलांना ग्रामपंचायतीत नेऊन नमुना ८ मधील कर-आकारणी दाखवावी, पाणीपट्टीचा खर्च कोठे होतो हे विचारू द्यावे आणि शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीनंतर निवडून आलेल्यांकडून हिशेबही मागू द्यावा. अठराव्या वर्षी मताधिकार कायद्याने मिळतो. त्याचा विवेकी वापर करण्याची सवय मात्र त्याआधी, शाळेतच लागावी लागते.