वाघबारस

आश्विन वद्य द्वादशीला पुण्या-नाशकात वसुबारस. संध्याकाळी गाय-वासराची पूजा, बायकांचा उपास, दूध-दुभतं वर्ज्य, उपास सोडायला बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. त्याच तिथीला नगर हवेलीत, सिल्वासाजवळच्या सायलीपासून खानवेलपर्यंतच्या पट्ट्यात वारली आणि कोकणा वाघबारस पाळतात. म्हणजे पूजा गाय खाणाऱ्याची.

वाघदेव असतो गावाच्या शिवेवर, बहुधा झाडाखाली. कुठे नुसता उभा दगड, कुठे लाकडाची जाड फळी: वर चंद्र-सूर्य, खाली वाघ, कधी शेजारी नाग. तेलात कालवलेल्या शेंदराची पुटं चढून चढून कोरीवकाम बुजत जातं आणि वाघ डोळ्यांपेक्षा बोटांनाच लवकर सापडतो. गुराखी घरोघर तांदूळ मागतात, भगत देवापुढे दाणे मांडतो, कोंबडं दिलं जातं, आता काही ठिकाणी नारळावर भागतं. जे शिजेल ते तिथेच खायचं. हा सरळ करार आहे. वर्षातून एकदा वाघाला त्याचा वाटा द्यायचा, त्याने गोठ्याकडे फिरकायचं नाही. एखादं जनावर गेलंच, तर वाघाला शिव्या देण्याआधी आपलं देणं कुठे राहिलं, याचा शोध होतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई, ठाणे आणि पालघर भागांत वाघोबाची सुमारे दीडशे ठाणी नोंदली गेली. सिल्वासा त्या पट्ट्याला लागूनच.

मग हा धर्म कोणता? ज्याच्या हातात दप्तर, त्याने आपलं उत्तर लिहिलं. मराठी आरमाराने एक पोर्तुगीज जहाज बुडवलं होतं, त्याच्या भरपाईपोटी १७८३ साली नगर हवेलीचा महसूल पोर्तुगीजांकडे गेला. त्यांच्या लेखी ख्रिस्ती आणि मुसलमान वगळता उरलेले सगळे 'जेंतिऊ'. पेशव्यांचा सोवळ्यातला भिक्षुक आणि वारल्यांचा भगत एकाच पोत्यात! सीमेपलीकडे तलासरीत इंग्रजांचा अंमल. तिथल्या जनगणनेत आदिवासींसाठी 'ॲनिमिस्ट' असा वेगळा रकाना. लेक इकडची, सून तिकडची, सोयरीक एक, देव एक, पण नदीनाला ओलांडला की धर्माचं नाव बदले. हिंदू कुठे संपतो आणि ॲनिमिस्ट कुठे सुरू होतो, हे जनगणनेच्या अधिकाऱ्यांनाच ठरवता येत नसे. १९४३ साली समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी हा रकानाच खोटा ठरवला आणि आदिवासींना 'मागासलेले हिंदू' म्हटलं. रेघ ओढता येत नाही हे त्यांचं म्हणणं मला पटतं. 'मागासलेले' मात्र पटत नाही. त्यात सगळ्यांनी एकाच वाटेने चालायचं असतं आणि पुढे कोण आहे ते आधीच ठरलेलं असतं.

वसुबारस उसनी घेऊन वारल्यांनी गाईच्या जागी वाघ बसवला, हे शहरी माणसाला सोयीचं उत्तर. पण शेजारच्या गुजरातेत, शेंदूर लावलेल्या दगडाशी काही देणंघेणं नसलेल्या व्यापारी घरांतही या दिवसाला वाघबारसच म्हणतात. ते नाव ओशाळवाणं वाटलं असावं, म्हणून तिथे कुणी कुणी सांगतात की मूळ शब्द 'वाक्', म्हणजे वाणी, म्हणजे सरस्वती. वाघाला पोथीत घ्यायची ही जुनीच तऱ्हा. आपल्याकडेही मुलं दिवाळीत गाई-म्हशी ओवाळायचं गाणं म्हणतात, त्याच्या शेवटी वाघ येतोच. गोव्यात सत्तरी-सांगे भागांत तो 'वाघ्रो' होऊन दगडात उभा आहे.

कुणी कुणाकडून घेतलं हा प्रश्नच मला इथे लंगडा वाटतो. पाऊस सरलेला, गवत कमरेएवढं, गुरं रानात लांबवर जाऊ लागलेली. या दिवसांत गाय जपायची तर दोनच गोष्टी हातात: गाईला ओवाळणं आणि वाघाला मनवणं. सपाटीवर रान तुटलं, तशी दुसरी गरज गेली आणि पहिली तेवढी व्रताच्या पोथीत शिरली. डोंगराकडे दोन्ही राहिल्या. माझा कल असा, की हा सण दोघांचाही होता आणि एका घराने त्याचा अर्धा भाग विसरून टाकला. शेंदूर तरी कुणाचा? गणपती-मारुतीलाही तोच लागतो, आणि त्याचा मूळ धनी ठरवायला कोणाकडेही सातबारा नाही.

सायलीत आता कारखान्यांच्या शेड आहेत, वैद्यकीय महाविद्यालय आहे. पट्टेरी वाघ या भागातून कधीचा गेला. ठिपक्यांचा बिबट्या उरला, आणि वारली बोलण्यात तोही वाघच, त्यामुळे वाटा बिनबोभाट त्याच्याकडे गेला. सिल्वासाजवळ वासोण्याला सफारीत सिंह आणून ठेवलेत. त्यांना कुणी कोंबडं देत नाही. ते कुंपणात आहेत, गुरांच्या वाटेला जात नाहीत.