त्यागाचे गणित

चित्र जेव्हा काचेवर किंवा फिल्मवर उमटत असे, तेव्हा ते एक वस्तू होते. अंकीय कॅमेरा आला आणि चित्र म्हणजे आकड्यांची रास झाली. १ कोटी २० लाख बिंदूंच्या छायाचित्रात प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या अंशांसाठी ३ बाइट धरले, तर ३ कोटी ६० लाख बाइट होतात. तरीही तेच चित्र बहुधा त्याच्या दशांशाइतक्या जागेत सामावते. ही किमया कोणाची?

बंगळूर येथे १९४० साली जन्मलेले नासिर अहमद हे अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापन करीत होते. चित्रातील माहिती कोज्या-तरंगांच्या रूपाने मांडावी, ही त्यांची कल्पना. तिच्या अभ्यासासाठी १९७२ साली त्यांनी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे साहाय्य मागितले. परंतु प्रस्ताव नामंजूर झाला. कल्पना फारच सोपी वाटते, असा एका परीक्षकाचा अभिप्राय होता! अहमद यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने १९९२ साली 'जेपेग' हे प्रमाण सिद्ध केले, ते याच गणिताच्या पायावर.

त्यातील युक्ती अशी. चित्राचे आठ बाय आठ, म्हणजे ६४ बिंदूंचे चौकोन पाडावयाचे. शेजारचे बिंदू बहुधा सारखेच असतात. म्हणून चौकोनाचे वर्णन ६४ तरंगांच्या बेरजेने केले की पुष्कळसा आशय मोजक्या संथ तरंगांत एकवटतो. उरलेले द्रुत तरंग बारकावे दाखवितात. त्यांचे आकडे स्थूलमानाने लिहिले असता कित्येक शून्य होतात, आणि शून्यांची रांग थोडक्यात नोंदविता येते. मानवी डोळा प्रकाशातील फरक जितक्या सूक्ष्मतेने टिपतो, तितक्या सूक्ष्मतेने रंगांतील फरक टिपत नाही. तेव्हा रंगांतही काटकसर साधते.

परंतु स्थूल केलेला आकडा पुन्हा मूळचा होत नाही. तेच चित्र सुधारून पुन्हा पुन्हा साठविले, तर झीज वाढतच जाते. निरभ्र आकाशाच्या चित्रात ती जाणवणार नाही. मोडी लिपीतील जुन्या कागदाच्या चित्रात मात्र बारीक फाटा आणि अक्षराची तीक्ष्ण कड म्हणजेच ते द्रुत तरंग होत. तेथे एक रेघ पुसट झाली, तर नावाचे वाचन बदलू शकते. म्हणून जुन्या दप्तरांची चित्रे घेताना एक प्रत काहीही न गाळता जतन करावी आणि लहान केलेली प्रत केवळ पाहण्यासाठी ठेवावी, हेच श्रेयस्कर. काय टाकावे हे गणित सांगू शकते. काय टाकू नये, हे मात्र चित्र सांभाळणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.