चिरागनगर ते मॉस्को : १९६१ सालचे एक प्रवासवर्णन

१/
वाकोल्याच्या उत्तरेस सांताक्रूझचा विमानतळ आहे. डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचा आवाज या वस्तीला नवा नाही. १९६० मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि परदेश काही तासांवर आला. विमानाखाली राहणाऱ्यांसाठी मात्र तो होता तितकाच दूर राहिला. पुढच्याच वर्षी, येथून काही किलोमीटर पूर्वेला असलेल्या घाटकोपरच्या झोपडपट्टीतील एक लेखक रशियाला गेला. परतल्यावर त्याने जे पाहिले ते लिहिले.

२/
हे लेखक म्हणजे अण्णा भाऊ साठे. जन्म १ ऑगस्ट १९२०, आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावी, मांग समाजात. शाळा जेमतेम दीड दिवसाची. त्यांच्या आयुष्यातला पहिला मोठा प्रवास पायी झाला : वाटेगाव ते मुंबई, कुटुंबासह, पोटासाठी. पुढे गिरणी, कामगार चळवळ, लाल बावटा कलापथक आणि घाटकोपरच्या चिरागनगरातील दीर्घ वास्तव्य. ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली.

३/
परदेश पाहून तो वाचकांना दाखवण्याची परंपरा मराठीत तोवर जुनी झाली होती. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक १८८९ चे. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० चे. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० चे. दृष्टी प्रत्येकाची वेगळी. पण बहुतेक प्रवासी शिकलेल्या, पांढरपेशा घरांतले होते.

४/
एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडणाऱ्या उच्चवर्णीयास जात जाण्याची भीती असे. परतल्यावर प्रायश्चित्ताचा वाद उठे. अण्णा भाऊंच्या वाट्याला आलेली सीमारेषा समुद्राची नव्हती, ती गावकुसाची होती. ज्याला गावातच आत येऊ दिले जात नाही, त्याने परदेशी पाहुणा म्हणून जाणे, याचा अर्थ निराळा आहे.

५/
अडथळे सरकारीही होते. परकीय चलनावर कडक निर्बंध होते आणि पासपोर्ट देणे न देणे सरकारच्या मर्जीवर होते. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९६७ मध्ये. पासपोर्ट कायदाही त्याच वर्षीचा. त्यामुळे १९६१ मध्ये गरीब माणसाला परदेश दिसायचा तर कोणीतरी निमंत्रण द्यावे लागे.

६/
ते निमंत्रण रशियाकडूनच का आले? १९५५ मध्ये ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात येऊन गेले. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला. राज कपूरचा ‘आवारा’ तिकडे घरोघरी पोहोचला होता. लेखक-कलावंतांची ये-जा हा याच मैत्रीचा भाग होता. अण्णा भाऊ इंडो-सोव्हिएत सांस्कृतिक संस्थेमार्फत गेले.

७/
त्यांचे रशियाशी नाते मात्र जुने होते. ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ या काळात चाललेल्या स्टालिनग्राडच्या लढाईवर त्यांनी पोवाडा रचला होता. जे शहर पाहिलेही नव्हते, त्याचे शौर्य मुंबईच्या कामगार वस्त्यांत डफावर गाजले. नियतीचा खेळ असा की, ते रशियाला गेले त्याच वर्षी, नोव्हेंबर १९६१ मध्ये, त्या शहराचे नाव बदलून व्होल्गोग्राड झाले.

८/
‘माझा रशियाचा प्रवास’ या पुस्तकाचा सूर कौतुकाचा आहे. कामगाराला मिळणारा मान, स्वच्छ रस्ते, भीक न मागणारी माणसे यांवर लेखकाची नजर खिळते. वरकरणी हे भाबडे वाटते. पण ज्याच्या दारासमोरून गटार वाहते, त्याला राजवाड्याआधी रस्ता दिसणे स्वाभाविक आहे.

९/
या चित्राला दुसरी बाजू होती. स्टालिनच्या दडपशाहीची कबुली खुद्द ख्रुश्चेव्ह यांनी १९५६ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात दिली होती. त्याच वर्षी हंगेरीतील उठाव रणगाड्यांनी चिरडला गेला. मॉस्कोत पाच मजली इमारती झपाट्याने उभ्या राहत होत्या हे खरे. पण असंख्य कुटुंबे अजूनही एकेका खोलीत राहत होती आणि स्वयंपाकघर शेजाऱ्यांबरोबर वाटून घेत होती. मुंबईच्या चाळकऱ्याला ते दृश्य परके वाटले नसते. निमंत्रित पाहुण्याच्या कार्यक्रमात अशा खोल्या सहसा नसतात.

१०/
मग इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे पुस्तक कसे वाचावे? केवळ सोव्हिएत रशियाची माहिती म्हणून वाचले तर ते अपुरे आहे. प्रचार म्हणून बाजूला सारले तर नुकसान आपलेच. प्रवासी परदेशात जे पाहून थक्क होतो, ते त्याच्या घरी नसते. या पुस्तकातील कौतुकाच्या प्रत्येक जागी चिरागनगरची एक उणीव आहे : पाणी, निवारा, कामाचा मान, माणूस म्हणून मिळणारी वागणूक. १९६१ च्या मुंबईचा हा उलट बाजूने लिहिलेला दस्तऐवज आहे.

११/
आज परदेशातील छायाचित्र क्षणात हजारो लोकांपर्यंत पोहोचते. ते पाहताना हीच कसोटी लावता येते : यजमानाने काय दाखवले, काय झाकले, आणि टिपणाऱ्याची नजर नेमकी कशावर थांबली?

१२/
१८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात, विपन्नावस्थेत, अण्णा भाऊंचे निधन झाले. वय अवघे ४८. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्या देशाने त्यांना निमंत्रण दिले, तो देश तोवर नकाशावर उरला नव्हता. ज्या उणिवांनी त्यांची नजर घडवली, त्या मात्र मुंबईच्या अनेक वस्त्यांत अजून शिल्लक आहेत.