थोरल्याची जहागीर: मायोरास्गोची कुळकथा

स्पेनमधली जुनी सरदार घराणी म्हटली की एकसंध जहागीर, एक किल्ला आणि बापाकडून थोरल्या मुलाकडे निमूट चालत आलेला वारसा असे चित्र मनात उभे राहते. कास्तीलच्या राज्यात या पद्धतीला मायोरास्गो म्हणत. ती तिथल्या मातीत पहिल्यापासून रुजलेली असावी, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती मध्ययुग सरता सरता आली. त्याआधीची कित्येक शतके सरदार वारला की त्याच्या जमिनीच्या वाटण्या होत, आणि त्या वाटण्यांत मुलींचाही हक्क असे.

हा हक्क फार जुना. व्हिसिगॉथ राजा रेकेस्विंत याने ६५४ मध्ये जो कायदा जारी केला, त्यात आईबापांच्या मिळकतीत मुलगे आणि मुली सारख्याच वाटेकरी होत्या. पुढे कास्तीलमध्ये बापाला थोडी मोकळीक मिळाली. मिळकतीचा पाचवा हिस्सा त्याने चर्चला किंवा मनाला येईल त्याला द्यावा आणि तिसरा हिस्सा आवडत्या मुलाच्या किंवा नातवाच्या पदरात जादा टाकावा. उरलेले मात्र सगळ्यांत वाटायचे. आजच्या नजरेला हा कायदा न्यायी वाटतो आणि तो होताही. पण ज्या घराण्याचे बळ किल्ले, माणसे आणि गावांवरच्या हुकमतीत होते, त्याला प्रत्येक मृत्यूनंतर नव्याने मोजणी करावी लागे. सहा मुले म्हणजे सहा वाटे, त्यांच्या मुलांचे आणखी वाटे. तीन पिढ्यांत पराक्रमी आजोबाचे नातू एकेका गावातल्या कोंबड्यांवर हक्क सांगत बसत.

कोंबड्यांचे हे कुणाला अतिशयोक्तीचे वाटेल, तर त्याचा पुरावा शाबूत आहे. उत्तर कास्तीलमध्ये काही गावांना आपला धनी आपण निवडण्याची मुभा होती. अशा गावांना बेएत्रिया म्हणत. बहुतेक ठिकाणी निवड मूळ धन्याच्या वंशजांतूनच करायची असे, आणि निवडून न आलेल्या वंशजांचाही गावाच्या देण्यात काही ना काही वाटा राहीच. काहींची निवड मात्र इतकी मोकळी, की या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत हवा तो धनी करा. १३५१ मध्ये वायादोलिदच्या राजसभेत काही बड्या सरदारांनी ही गावे कायमची वाटून टाकावीत असा आग्रह धरला. तो तडीस गेला नाही, पण राजा पेद्रोच्या हुकमावरून १३५२ मध्ये गावोगावची चौकशी होऊन एक भला थोरला दप्तरग्रंथ तयार झाला. दोन हजारांहून अधिक गावांची त्यात नोंद आहे. गाव कुणाचे, राजाला काय द्यायचे, धन्याला काय, सेंट मार्टिनच्या सणाला नोव्हेंबरात भरायचा कर किती, जव किती माप, कोंबड्या किती, हे सारे त्यात आहे. अनेक गावांपुढे हक्कदारांच्या नावांची रांगच लागलेली दिसते. कुणाचा हक्क मोठा, कुणाचा नावापुरता. कास्तीलच्या सरदारांचे त्या काळचे खरे चित्र पाहायचे असेल तर मी कुठल्याही किल्ल्याआधी या ग्रंथाकडे बोट दाखवीन.

मोठी घराणीही यातून सुटली नाहीत. बिस्कायाचे आरो घराणे घ्या. घराण्याचा प्रमुख लोपे दियास दे आरो १२८८ मध्ये आल्फारो गावी राजा सांचोच्या डोळ्यांदेखत मारला गेला. मग बिस्काया कुणाचे? त्याच्या भावाचे, दिएगोचे, की मुलीचे, मारियाचे? स्पष्ट नियम नव्हता, म्हणून काका आणि पुतणीत वर्षानुवर्षे झगडा चालला. अखेर १३०७ मध्ये तडजोड झाली, की दिएगोने हयातभर उपभोग घ्यावा आणि त्याच्या मागे ते मारियाकडे जावे. याच दिएगोने १३०० मध्ये बिल्बाओ शहर वसवले, आणि पुतणीने १३१० मध्ये त्याला नव्याने सनद दिली. पुढे लग्नसंबंधाने बिस्काया लारा घराण्यात गेले, त्या घराण्याचा शेवटचा मुलगा १३५२ मध्ये लहानपणीच वारला आणि १३७९ पासून बिस्कायाचा धनी खुद्द कास्तीलचा राजा झाला. आरो आणि लारा ही एकेकाळी राजांना वाकवणारी घराणी. त्यांच्या अस्तात युद्धांचा, राजांच्या रोषाचा आणि प्लेगचाही वाटा आहे. पण जमीन कुणाकडे जाणार हे आधी ठरलेले नसणे, ही त्यांची दुखरी नस होती.

इलाज अगदीच ठाऊक नव्हता असे नाही. राजगादी तर थोरल्याकडेच जायची. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून राजाची खास परवानगी काढून एखादा दरबारी आपली मिळकत थोरल्याच्या नावे बांधून ठेवी. पण हे तुरळक. ती रीत झाली एका राजाच्या अडचणीतून.

त्या राजाचे नाव दुसरा एन्रिके, त्रास्तामारा घराण्याचा पहिला. पेद्रोचा हा सावत्र, अनौरस भाऊ. २३ मार्च १३६९ रोजी मोंतिएलच्या किल्ल्याबाहेर त्याने भावाला ठार मारले आणि गादी पक्की केली. गादीचा हक्क लंगडा, म्हणून पाठीराख्यांना त्याने गावेच्या गावे वाटली, इतकी की कास्तीलच्या इतिहासात या देणग्यांना त्याच्याच नावाची ओळख आहे. मेंदोसा, वेलास्को, मान्रिके अशी पुढच्या शतकांत गाजलेली नावे याच काळात वर आली. पण राजाची तिजोरी आणि राजाची गावे दोन्ही आटली. २९ मे १३७४ च्या मृत्युपत्रात एन्रिकेने यावर तोड काढली. दिलेली गावे ज्याची त्याच्याकडे राहावीत, पण मायोरास्गो म्हणून, म्हणजे प्रत्येकाच्या थोरल्या औरस मुलाकडेच जावीत, आणि असा वारस नसेल तर राजाकडे परत यावीत.

या कलमातला हिशेब पाहण्यासारखा आहे. वाटण्या झाल्या तर गाव दहा घरांत जाते आणि परत येण्याची आशा उरत नाही. एकाच रेषेत बांधले, तर ती रेषा खुंटताच पूर्ण गाव राजाच्या हाती. म्हणजे जी तरतूद पुढे सरदारांचे कवच ठरली, तिच्या जन्मवेळी राजाच्या मनात गावे परत मिळवण्याचा विचार होता. सरदारांनी त्यातला बंदोबस्त तेवढा उचलला आणि वारस खुंटू नये याची काळजी स्वतः घेतली. मुलगा नसेल तर मुलगी, मुलगी नसेल तर भाऊ, त्याच्यामागे पुतण्या, अशी लांबलचक यादी ते दस्तऐवजातच घालू लागले.

आलाबा प्रांतातून आलेला पेद्रो गोन्सालेस दे मेंदोसा हा या बाबतीत दूरदृष्टीचा. एन्रिकेने दिलेली इता आणि बुइत्रागो ही गावे त्याच्याकडे होती. १३८० च्या सुमारास त्याने ती थोरल्या दिएगोच्या नावे मायोरास्गो करून बांधली. पाचच वर्षांनी अल्जुबारोताच्या लढाईत तो पडला. पराभव दिसताच आपला घोडा त्याने राजाला पळून जाण्यासाठी दिला अशी कथा सांगतात. त्या दस्तऐवजाची परीक्षा पुढच्या पिढीत झाली. दिएगो १४०४ मध्ये वारला तेव्हा त्याचा वारस, इन्यिगो लोपेस, जेमतेम सहा वर्षांचा होता. पहिल्या लग्नाची मुलगी आल्दोन्सा त्याच्याहून मोठी. जुन्या कायद्याने ती बरोबरीची वाटेकरी ठरली असती. नव्या दस्तऐवजात धाकटा भाऊ मोठ्या बहिणीच्या पुढे. तिने ग्वादालाहारातल्या मेंदोसांच्या घरांचा ताबा घेतला, मान्सानारेसच्या मुलखावर हक्क सांगितला. पोराची आई लेओनोर दे ला वेगा एकेका गावासाठी कोर्टकचेऱ्या करत राहिली. आल्दोन्सा १४३५ मध्ये वारली, तोवर भावाबहिणीचा हा वाद धुमसतच होता. तिची अलाबास्टरची समाधीमूर्ती आज ग्वादालाहाराच्या संग्रहालयात आहे, आणि ते संग्रहालय भावाच्या वंशजांनी बांधलेल्या इन्फान्तादो राजवाड्यात आहे. मला या सगळ्या कथेत आल्दोन्साची बाजू नेहमी जास्त खरी वाटते. तिने नवे काही मागितले नव्हते. जे आईबापांच्या मिळकतीत सातशे वर्षे मुलींना मिळत आले, तेच मागितले.

तो सहा वर्षांचा पोर मोठेपणी सांतियानाचा मार्केस आणि आपल्या काळातला थोर कवी झाला.

आपल्याकडच्या देशमुखी वतनाशी ताडून पाहिले तर मायोरास्गोचा कठोरपणा लक्षात येतो. वतनात वडीलकीचा मान एकाकडे राही, पण हक्काचे उत्पन्न भावांत वाटले जाई. इथे मान आणि उत्पन्न दोन्ही एकाच मुठीत. आणि ती मूठही उघडी नाही. मायोरास्गो भोगणाऱ्याला जमीन विकता येत नसे, वाटता येत नसे आणि राजाच्या परवानगीवाचून गहाणही टाकता येत नसे. तो पुढच्या वारसाचा विश्वस्त. घराण्याने जमीन बांधली आणि जमिनीने घराण्यातल्या माणसाला.

दस्तऐवज लिहिणाऱ्या वकिलांनी यात कमालीची हुशारी दाखवली. वारसाने संस्थापकाचे आडनाव आणि ढाल-चिन्ह लावलेच पाहिजे, अशी अट सर्रास असे. त्यामुळे एकाच आईबापांच्या मुलांची आडनावे वेगवेगळी दिसतात आणि वंशावळी वाचणारा गोंधळतो. राजद्रोहाबद्दल जप्ती येईल ही मोठी धास्ती. म्हणून असे कलम घालत, की द्रोह करणाऱ्याचा हक्क गुन्ह्याच्या आधीच्या घटकेलाच संपला आणि जहागीर पुढच्याकडे गेली असे मानावे. राजाचे सैन्य येईपर्यंत गुन्हेगाराकडे जप्त करण्यासारखे काही उरतच नाही.

या साऱ्याला पक्के कायदेशीर रूप मिळाले १५०५ मध्ये, तोरो गावी राणी हुआनाच्या नावे जाहीर झालेल्या ८३ कायद्यांनी. चाळीसपासून सेहेचाळीसपर्यंतची कलमे मायोरास्गोची. थोरला मुलगा बापाआधी वारला तर त्याचा मुलगा, म्हणजे नातू, काकांच्या आधी वारस. आरो घराण्यात ज्यावरून रक्त तापले तसले वाद यातून बरेच मिटले. धन्याने प्राण सोडताच ताबा आपोआप पुढच्याकडे जातो, मधे कुणी घुसून बसला तरी त्याला हक्क नाही. स्थापनेसाठी राजाची परवानगी आधी हवी. सेहेचाळिसावे कलम मात्र वाचताना थांबायला होते. बांधलेल्या जहागिरीत किल्ले, तट किंवा घरे यांची दुरुस्ती अथवा नवे बांधकाम झाले, तर ते सारे जहागिरीचेच, धन्याच्या बायकोला वा इतर मुलांना त्यापोटी काही मिळणार नाही. कास्तीलच्या कायद्याने संसारात कमावलेल्या मिळकतीत बायकोचा निम्मा वाटा होता. आता तोच पैसा नवऱ्याने वाड्याच्या भिंतीत घातला की तिचा निम्मा भाग त्या भिंतीत कायमचा गाडला जाई. स्पेनमधले पुष्कळ देखणे वाडे आणि किल्ले या हिशेबावर उभे आहेत.

सत्ताविसाव्या कलमाने दरवाजा आणखी उघडला. बापाच्या हातातला जादाचा तिसरा हिस्सा वंशजांसाठी बांधून ठेवायला राजाची परवानगी लागेनाशी झाली. मग गावचे लहान जमीनदार, वकील, व्यापारी, जो तो एक घर, एक मळा, थोडे रोखे बांधून आपापले चिमुकले मायोरास्गो उभारू लागला. १५७३ मध्ये लुइस दे मोलिना या कायदेपंडिताने या पद्धतीच्या उगमावर आणि स्वरूपावर लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला, इतके खटले तोवर साचले होते.

धाकट्यांपुढे वाटा तीनच, चर्च, समुद्र नाहीतर राजाची चाकरी, असे तिथले लोकच म्हणत. सांतियानाच्या मार्केसचा धाकटा मुलगा पेद्रो चर्चमध्ये गेला आणि कार्डिनल झाला. त्याने काय केले? आपल्या अनौरस मुलांना राणी इसाबेलकडून आणि पोपकडून मान्यता मिळवून त्यांच्यासाठी नवी मायोरास्गो बांधली. थोरला रोद्रिगो हाद्राकेच्या किल्ल्याचा धनी आणि सेनेतेचा मार्केस झाला. ज्या पद्धतीने धाकटा म्हणून आपल्याला बाजूला सारले, तिच्यावरच त्याने नवे घर उभारले.

अठराव्या शतकात टीका वाढली. विकता येत नाही अशी जमीन कसणाऱ्याच्या हातात येत नाही आणि सुधारतही नाही, हे होवेयानोस याने १७९५ मध्ये शेतीविषयक अहवालात ठासून मांडले. १८२० मध्ये स्पेनच्या संसदेने मायोरास्गो रद्द केली, राजाने ती परत आणली, आणि १८३६ मध्ये ती कायमची गेली. धन्याला निम्मी मिळकत लगेच मोकळी झाली, उरलेली निम्मी वारसाच्या हाती गेल्यावर.

पाचशे वर्षांच्या कुलपांनी काय धरून ठेवले होते ते लवकरच दिसले. मेंदोसांची जहागीर १८४१ मध्ये ओसुनाच्या ड्यूकांकडे गेली होती. त्यांच्यातला मारियानो तेयेस-हिरोन सेंट पीटर्सबर्गला स्पेनचा राजदूत होता आणि उधळेपणासाठी युरोपभर प्रसिद्ध. आता गहाण टाकायला कुणाची परवानगी लागत नव्हती. १८८२ मध्ये तो वारला तेव्हा मागे कर्जाचा डोंगर होता. पुढे घराण्याची चित्रेही लिलावात गेली, गोयाची चित्रे त्यांत होती. सांतियानाच्या मार्केसची हस्तलिखिते मात्र वाचली. त्याच्या मुलाने ती पुस्तकेही मायोरास्गोला जोडून ठेवली होती, म्हणून ती बव्हंशी एकत्र टिकली. १८८४ मध्ये स्पेन सरकारने ओसुना घराण्याचा ग्रंथसंग्रह विकत घेतला, आणि त्यातली मार्केसची पुस्तके माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही अभ्यासकांना पाहता येतात.