चिंगमाबरोबर आलेला खेळाडू

‘चेस्ट!’ असं एकानं ओरडायचं आणि दुसऱ्यानं आपल्या गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उघडं करायचं. ज्याच्या पैलवानाची छाती भरदार, त्यानं दोन्ही कार्डं घेऊन गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायची आणि पुढचं नाव पुकारायचं. नव्वदच्या दशकात लातूर-नांदेडच्या शाळांत मधल्या सुट्टीत हा ट्रम्प कार्डांचा खेळ बाकाबाकांवर रंगायचा. कार्डावर टीव्हीवरच्या अमेरिकी कुस्तीच्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानाचा रंगीत फोटो, त्याखाली रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, लढलेल्या आणि जिंकलेल्या फाइट्स. रँकमध्ये लहान आकडा भारी, बाकी सगळीकडं मोठा. त्यामुळं वरच्या रँकचा गडी छातीत मार खायचा आणि योकोझुनाचं धूड वजनावर भल्याभल्यांना गिळायचं. सतराचा पाढा अडणाऱ्या पोरांना अंडरटेकरचे सगळे आकडे तोंडपाठ असत.

या कार्डाचं कूळ धुंडाळत गेलं की माग लागतो तो अमेरिकेतल्या रिचमंड शहरात, अ‍ॅलन अँड जिंटर या तंबाखू कंपनीच्या दारात. एकोणिसाव्या शतकात सिगारेटचं पाकीट म्हणजे लेचापेचा कागद. खिशात चेपून आतला माल मोडायचा, म्हणून आधाराला पुठ्ठ्याची एक पट्टी घालत. पट्टी आहेच तर ती कोरी कशाला ठेवा, असा व्यापारी विचार झाला आणि तिच्यावर चित्रं आली. नट्या आल्या, पक्षी आले, देशोदेशीचे झेंडे आले. १८८७ च्या सुमारास याच कंपनीनं ‘वर्ल्ड्स चॅम्पियन्स’ हा ५० कार्डांचा संच काढला. त्यात बेसबॉलचे दहा खेळाडू होते. सोबत मुष्टियोद्धे, नेमबाज, वल्हवणारे, बिलियर्ड्सवाले आणि चक्क पैलवानही होते. म्हणजे पैलवान या घराण्यात पहिल्या पिढीपासूनच आहे.

इंग्लंडमध्ये ही पट्टी पोचल्यावर तिच्यावर क्रिकेट येणार हे ठरलेलंच. ब्रिस्टलच्या विल्स कंपनीनं १८९६ साली क्रिकेटपटूंच्या ५० कार्डांचा संच सिगारेटच्या पाकिटांतून वाटला. बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ साली, भारत-पाकिस्तान-श्रीलंकेत वर्ल्ड कप झाला तो ‘विल्स वर्ल्ड कप’. सचिन-अझरच्या छातीवर जे नाव आम्ही टीव्हीवर पाहिलं, ते क्रिकेटपटूच्या जोरावर शतकभर आधीपासून सिगारेट विकत होतं. भारतात तंबाखूच्या पैशावर खेळ भरवण्याची ही वहिवाट बंद पडली ती २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्यानं.

सिगारेट ओढायची मोठ्यांनी आणि कार्डं जमवायची पोरांनी, अशी ही वाटणी होती. तंबाखूच्या दुकानाबाहेर पोरं गिऱ्हाइकांपुढं हात पसरून उभी राहत. ही वाटणी एका बेसबॉलपटूला रुचली नाही म्हणतात. पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचं कार्ड १९०९ च्या संचात निघालं आणि थोड्याच प्रती बाहेर पडल्यावर थांबलं. पोरांनी आपल्यापायी तंबाखू घ्यावा हे त्याला नको होतं, असं एक कारण सांगतात. पैशावरून बिनसलं, असं दुसरं. कार्ड थांबलं म्हणून दुर्मीळ झालं आणि आज ते कोट्यवधींना विकलं जातं.

मग सोबतचा माल बदलला. फिलाडेल्फियाच्या फ्लीअर कंपनीतल्या वॉल्टर डीमरनं १९२८ मध्ये फुगा येणारं चिंगम बनवलं आणि कार्डाला पोरांच्या थेट खिशातल्या पैशावर जगणारा जोडीदार मिळाला. १९३३ मध्ये बॉस्टनच्या गाउडी कंपनीनं चिंगमाबरोबर २४० बेसबॉल कार्डांचा संच काढला. पोरं क्रमांक लावत बसली, तर १०६ नंबर सापडेना. तो छापलाच नव्हता. संच पुरा होत नाही म्हणून पोरं चिंगम घेतच राहिली. तक्रारी वाढल्या तेव्हा पुढच्या वर्षी नॅप लाजोई या जुन्या खेळाडूचं कार्ड छापून तक्रारदारांना टपालानं धाडलं. माल खपवायचा तर एखादं कार्ड अडवून धरावं, ही युक्ती तेव्हापासून या धंद्यात मुरली.

आजच्या कार्डाला त्याचं रूप दिलं ते टॉप्स कंपनीच्या साय बर्गरनं. १९५२ चा संच त्यानं ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आखला. पुढं रंगीत चेहरा, सही, संघाचं चिन्ह. मागं खेळाडूची चार ओळींत माहिती आणि गेल्या वर्षाचे व कारकिर्दीचे आकडे. या मागच्या बाजूनं चाहत्यांची एक जात घडवली. लांब राहणारं, मैदान न पाहिलेलं पोरगंही रेडिओ ऐकता ऐकता खेळाडूचं मूल्यमापन करायला लागलं. अमेरिकेतला म्हातारा बेसबॉलवेडा आजही बालपण आठवतो तेव्हा त्याला आधी कार्डावरचे आकडे आठवतात, सामना मागून.

मराठवाड्यातलं क्रिकेटवेड याच वळणाचं. आमच्याकडं आंतरराष्ट्रीय सामना फिरकायचा नाही. तो पाहायचा तर हैदराबाद, पुणे, मुंबई नाहीतर नागपूर गाठायचं, आणि लातूरची रेल्वे म्हणजे बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज. घरी होता तो बाळ पंडितांचा रेडिओवरचा आवाज. चेहरे मिळायचे ते ‘स्पोर्टस्टार’मध्ये किंवा संदीप पाटील संपादक असलेल्या ‘एकच षटकार’मध्ये. ते अंक सलूनमध्ये येईतो पानं हाताळून मऊ झालेली असत. जमलं तर कात्री चालवायची, वहीला चिकटवायचं.

आणि कार्डं येण्याआधी पोरांनी पाकिटांचीच कार्डं केली होती. पानटपरीच्या मागं, बसस्टँडवर, टॉकीजबाहेर रिकामी सिगारेटची पाकिटं वेचायची, पुढचा-मागचा भाग फाडून सपाट करायचा, की झालं चलन तयार. मातीत रिंगण आखून त्यात पाकिटं मांडायची आणि लांबून शहाबादी फरशीचा घासलेला तुकडा फेकायचा. रिंगणाबाहेर जेवढी उडतील तेवढी आपली. निजामाचं राज्य जाऊन काळ लोटला तरी हैदराबादच्या वझीर सुलतान कंपनीची चारमिनार मराठवाड्यात टपरीटपरीवर होती, म्हणून पोरांच्या बाजारात तिला भाव नव्हता. पनामा जरा वर, कॅपस्टन, विल्स, गोल्डफ्लेक त्याहून वर. परदेशी पाकीट असलं तर तो गडी त्या आठवड्याचा सावकार. कंपनीनं ठरवलेली किंमत इथं चालत नव्हती. गल्लीत किती सापडतं यावर भाव. काडेपेटीच्या छापांनाही हाच न्याय. आतल्या पट्टीवर मदार ठेवण्याची गरजच पडली नाही.

खरं छापील कार्ड आलं ते १९८७ च्या रिलायन्स कपाच्या सुमारास, ‘बिग फन’ चिंगमाबरोबर. आत क्रिकेटपटूचा फोटो आणि त्यावर रन किंवा विकेट. ठरावीक रन-विकेटी जमल्या की त्या देऊन छोटी फ्लिपबुकं मिळायची. अंगठ्यानं पानं भरभर सोडली की कपिलदेव धावत यायचा आणि बॉल टाकायचा. घरच्या कृष्णधवल टीव्हीवर एकदा हुकलेला बॉल पुन्हा दिसत नव्हता. इथं तोच बॉल हवा तितक्यांदा टाकून घेता येई. लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानात पोरं चिंगमाचं पाकीट उजेडाकडं धरून आत कोण आहे याचा अंदाज घ्यायची आणि दुकानदाराच्या शिव्या खायची. चिंगमाची चव दोन मिनिटांत जायची, रन मात्र कंपासपेटीत साठत राहायचे. गाउडीच्या १०६ नंबराची गोष्ट ऐकली नसली तरी मोठ्या आकड्याचं कार्ड हटकून दुसऱ्याच पोराला निघतं, हे सगळ्यांना कळलं होतं.

नंतर केबल आली आणि क्रिकेटच्या शेजारी डब्ल्यूडब्ल्यूएफ येऊन बसलं. त्या ट्रम्प कार्डांत दोन घराण्यांची सोयरीक आहे. फोटो आला तो सिगारेट-चिंगमाच्या घरातून. आकड्याला आकडा भिडवण्याचा खेळ युरोपातला. जर्मनीत मोटारींचे, विमानांचे असे पत्ते पोरं खेळत, आणि १९७८ मध्ये डुब्रेक या ब्रिटिश कंपनीनं ‘टॉप ट्रम्प्स’ नावानं ते घरोघरी नेले. या संसारात कार्डाला पहिल्यांदा मोकळीक मिळाली. सिगारेट नाही, चिंगम नाही. पोरं पैसे मोजू लागली ती नुसत्या कार्डांसाठी.

घरातल्या म्हाताऱ्यांना हे पटत नव्हतं. ज्यांनी माळेगावच्या यात्रेतल्या कुस्त्या पाहिल्या होत्या, ते टीव्हीपुढून उठताना ‘नुराकुस्ती आहे रे ही’ एवढंच म्हणायचे. त्यांचे आकडे वेगळे होते. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाले, १९७० ला एडिंबरात राष्ट्रकुलचं सुवर्ण घेतलं आणि १९७७ ला बेळगावात त्यांनी सतपालला हरवलं. हे सगळं आजोबांना तोंडपाठ, कार्डाविना. आमच्या गठ्ठ्यात बिराजदार मामा नव्हते. आधीच ठरलेल्या लढतींचे ‘फाइट्स वन’ आम्ही मात्र मनोभावे घोकत होतो.

पुढच्या पिढ्या झपाट्यानं झाल्या. १९९९ ला ‘ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ’ म्हणत बिस्किटाच्या पुड्यांवर रन आले आणि पाहुण्यांसमोरचे पुडे पोरं आधीच फाडू लागली. मग चीटोजमधून पोकेमॉनचे टॅझो निघाले. २००२ मध्ये याच आद्याक्षरांच्या, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी कोर्टकचेरी हरल्यानं डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं. आयपीएल आल्यावर ‘क्रिकेट अटॅक्स’ कार्डं दुकानात लागली; ती काढणारी कंपनी होती साय बर्गरची टॉप्स. आता पोरं संघ लावतात ते फोनवर. आकडे तिथंही आहेत, पण हरलेलं कार्ड मित्राच्या हातात ठेवताना होणारी जळजळ नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते परत मिळवायची ईर्षाही नाही.

राहता राहिला किमतीचा प्रश्न. १९५२ च्या टॉप्समधलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना, म्हणजे सुमारे १०० कोटी रुपयांना गेलं. त्यामागं एक साधं कारण आहे. त्या संचाचा न खपलेला साठा बर्गरनं १९६० मध्ये होडीत भरून अटलांटिकमध्ये बुडवला, आणि घरोघरची उरलेली कार्डं आयांनी आवराआवरीत फेकून दिली. हाच हिशेब लावला तर लातूर-नांदेडच्या आयांनी प्रत्येक दिवाळीला रद्दीवाल्याच्या काट्यावर आपला वाटा चोख उचलला आहे. ‘बिग फन’चे सुनील गावसकर, चारमिनारची सपाट पाकिटं, योकोझुना, सगळे त्या पोत्यातून गेले. ज्याच्या घरी आवराआवर जरा ढिली होती, त्यानं माळ्यावरची कंपासपेटी एकदा उघडून बघायला हरकत नाही.