तिसरी तार

रत्नागिरीतल्या एखाद्या जुन्या चिरेबंदी घराच्या ओटीवर सागवानी बोर्ड अजून दिसतो. वर चिनीमातीचे दोन पांढरे फ्यूज, ज्यांना वायरमनपासून घरातल्या आजीपर्यंत सगळे किटकॅट म्हणतात. खाली बेकेलाइटची काळी गोल बटणं, आणि कोपऱ्यात रेडिओसाठी बसवलेला दोन भोकांचा प्लग. बोर्डातून निघालेल्या वायरी लाकडी पट्टीवर, पत्र्याच्या बारीक क्लिपांत बसून, तुळईच्या कडेकडेने माजघरात जातात. तारा मोजल्या तर दोनच भरतात: एक फेज आणि एक न्यूट्रल. जमिनीत जाणारी हिरवी तिसरी तार त्या पट्टीवर नसते.

कोकणातल्या घरगुती विजेचा इतिहास सांगायचा, तर तो या उशिरा आलेल्या तारेचा सांगावा लागतो.

ती तार नव्हती, याला त्या काळी कारणही होतं. कंदील आणि चिमणी बाजूला ठेवून घरात आलेली वीज फक्त दिव्यांसाठी होती. 60 वॅटचा एक दिवा 230 व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास वीज घेतो. असे सहा दिवे लावले तरी दोन अँपिअर होत नाहीत. दिवा आढ्याला टांगलेला, हात न पोचणारा. बटण बेकेलाइटचं, बोर्ड लाकडाचा. हाताला लागेल अशी धातूची वस्तू वीजजोडणीत जवळजवळ नव्हतीच. दोन तारांवर घर उजळलं आणि माणसं समाधानी राहिली.

कायदा मात्र आधीपासून होता. 1910 चा भारतीय विद्युत अधिनियम, त्याखालचे 1937 चे नियम आणि स्वातंत्र्यानंतरचे 1956 चे नियम, यांत अर्थिंग, फ्यूज आणि परवानाधारक कंत्राटदार या सगळ्यांची तरतूद होती. घरातलं वायरिंग परवानाधारकानेच करायचं, त्यावर सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाची देखरेख हवी आणि न्यूट्रलच्या तारेत स्वतंत्र फ्यूज घालायचा नाही, असं 1956 चे नियम सांगत. ओटीवरच्या बोर्डात दोन किटकॅट दिसतात, ते त्याआधीच्या रिवाजाची खूण आहेत. त्यातला न्यूट्रलवरचा फ्यूज उडाला, की घरात अंधार होतो आणि माणसाला वाटतं, लाईट गेली. प्रत्यक्षात फेज प्रत्येक होल्डरपर्यंत जिवंत उभी असते. अंधारात स्टुलावर चढून बल्ब काढणाऱ्याला ती गाठते.

रत्नागिरी जिल्ह्याचं विजेशी नातं तसं मोठं आहे. कोयनेचं पाणी सह्याद्री पोखरून पश्चिमेला आणलं गेलं आणि चिपळूण तालुक्यात पोफळीच्या भूमिगत वीजगृहात 1962 मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. पुढचे टप्पेही याच बाजूला झाले. आज कोयना प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॅट आहे. त्यातला धरणाच्या पायथ्याचा 40 मेगावॅटचा भाग सोडला, तर बाकी सगळी वीज घाटाखाली तयार होते. त्यानंतर गुहागरजवळ दाभोळचा वायूवरचा प्रकल्प आला, जयगडला 1,200 मेगावॅटचा कोळशावरचा. पोफळीहून निघालेल्या 220 केव्हीच्या वाहिन्या मात्र मुंबईकडे आणि घाटावर गेल्या. डोक्यावरून गेलेली ही वीज वाडीवस्तीपर्यंत उतरायला पुढे कितीतरी वर्षं लागली. 1960 मध्ये स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाने खांब पोचवले. 2005 मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली, तरी कोकणातला माणूस अजून ‘एमएसईबी’च म्हणतो. 1988-89 मध्ये केंद्राची कुटीर ज्योती योजना आली, ती गरीब घराला एक दिवा देणारी. एक दिवा म्हणजे पुन्हा दोनच तारा.

त्यात अॅल्युमिनियमची भर पडली. तांबं परदेशातून आणावं लागे आणि महाग पडे, म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत घरगुती वायरिंगमध्ये अॅल्युमिनियम सर्रास वापरलं गेलं. या धातूची खोड अशी की स्क्रूखाली दाबला, की तो हळूहळू बसतो आणि जोड ढिला होतो. त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, तो वीज नीट जाऊ देत नाही. मांडवी किंवा मिरकरवाड्यासारख्या खाऱ्या वाऱ्याच्या जागी स्क्रूही गंजतात. ढिला जोड तापतो, तापलेला जोड आणखी ढिला होतो. बोर्डावर बटणाभोवती जो तपकिरी डाग पडतो, तो या तापण्याचा असतो.

दरम्यान घरातल्या वस्तू बदलल्या. इस्त्री आली, मिक्सर आला, विहिरीवरचा रहाट जाऊन पंप बसला, आणि न्हाणीघरात तांब्याच्या बंबाची जागा गीझरने घेतली. या प्रत्येक वस्तूचं अंग धातूचं किंवा पाण्याशी जोडलेलं. इथे दोन तारांचं गणित संपलं.

यासाठीचा प्लग खरं तर केव्हाचा तयार होता. तीन गोल पिनांचा प्लग 1934 च्या ब्रिटिश मानकातला; छोटा 5 अँपिअरचा, मोठा 15 अँपिअरचा. ब्रिटनने 1947 मध्ये चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला नवा प्लग स्वीकारला. भारताने गोल पिनाच ठेवल्या आणि पुढे भारतीय मानकात त्यांचे आकडे 6 आणि 16 झाले. बोलण्यात मात्र ‘पंधरा अँपिअरचा पॉवर प्लग’ हाच शब्द टिकला. त्याची वरची पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की प्लग खोचताना जमिनीशी संबंध सर्वांत आधी जुळावा आणि काढताना सर्वांत शेवटी तुटावा.

पण भोक होतं म्हणून त्यामागे तार होती असं नाही. कितीतरी घरांत तीन भोकांचा सॉकेट जुन्या दोन तारांवरच बसवला गेला. मोठी पिन आत जाई आणि पोकळीत थांबे. काही ठिकाणी तर प्लगटॉपही नसे: वायरीची टोकं सोलायची, भोकांत घालायची आणि आगपेटीच्या काड्या खोचून घट्ट करायची. 2,000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर घेतो. तो 5 अँपिअरच्या प्लगवर लावला, तर वीज पावणेदोनपट होते. उष्णता विजेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तिप्पट. फ्यूज सारखा उडू लागला, की किटकॅटमध्ये जाड तार गुंडाळायची. अशा तारेने फ्यूज उडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर फ्यूजच्या जागी जळायला तयार होते.

रत्नागिरीत या सगळ्याला जमिनीची अडचण येऊन मिळाली. अर्थिंगची जुनी रीत अशी: अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप जमिनीत उभा करायचा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे आणि वर पाणी ओतायला नरसाळं ठेवायचं. काळ्या, ओलसर मातीत ही रीत उत्तम चालते. इथे दीड-दोन हात माती लागते आणि खाली जांभा. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा खड्डा ओला राहतो. पण जांभा पाणी धरून ठेवत नाही, आणि मार्च-एप्रिलात त्याच खड्ड्याचा विरोध कितीतरी पटींनी चढतो. मिठाचा अंश पावसाबरोबर वाहून गेलेला असतो.

विरोध चढला की काय होतं, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. घराला स्वतःच्या खड्ड्याचाच आधार आहे आणि त्या खड्ड्याचा विरोध 20 ओम आहे, असं धरू. गीझरची फेज आतून पत्र्याला टेकली, तर जमिनीत जाणारी वीज होईल साडेअकरा अँपिअर. सोळा अँपिअरचा फ्यूज त्याने उडणार नाही. विरोध 100 ओम असेल तर वीज सव्वादोन अँपिअर. फ्यूजला तिचा पत्ताही लागणार नाही आणि गीझरचा पत्रा जिवंतच राहील. तिसरी तार ओढली, खड्डा केला, कागदावर सगळं बरोबर झालं, तरी जांभ्यावरचं घर पुरतं सुरक्षित होत नाही, ते या कारणाने.

त्यावरचा उपाय जगाने विसाव्या शतकात दोन टप्प्यांत शोधला. जर्मनीत ह्यूगो स्टोट्झ यांच्या कारखान्यात 1924 मध्ये पुन्हापुन्हा वापरता येणारा छोटा स्वयंचलित खटका तयार झाला. आज आपण त्याला एमसीबी म्हणतो. तो वायरीला वाचवतो. माणसाला वाचवणारं यंत्र नंतर आलं. अमेरिकेत चार्ल्स डाल्झिएल यांनी विजेचा झटका माणसाच्या शरीरावर काय करतो याचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि 1961 मध्ये गळती ओळखून क्षणात वीज तोडणारं उपकरण मांडलं. आपल्याकडच्या आरसीसीबीचं तत्त्व तेच आहे: फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज सारखी आहे का, एवढंच ती पाहते. फरक 30 मिलिअँपिअरच्या आत असतानाच तिने खटका पाडायचा असतो. 100 ओमच्या खड्ड्यातही एवढी वीज वाहायला तीन व्होल्ट पुरतात. जांभ्याच्या जमिनीला उत्तर मिळालं ते इथे.

नियमांत मात्र गरिबाचं घर बराच काळ मागे राहिलं. 1956 च्या नियमांत पुढे गळतीरक्षक उपकरणाची सक्ती आली, तेव्हा 5 किलोवॅटच्या खालची घरगुती जोडणी त्यातून वगळलेली होती. कोकणातलं साधं घर याच वगळलेल्या गटात बसत होतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2010 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये सुरक्षेचे नियम नव्याने काढले.

वायरीचं रूपही बदललं. रबरी आवरणाच्या, लाकडी पट्टीवरच्या वायरी मागे पडल्या आणि पीव्हीसीच्या आवरणाची तांब्याची वायर, पीव्हीसीच्याच पाइपातून, आली. ही पीव्हीसी रत्नागिरीला परकी नाही. 1990 च्या दशकात रनपारच्या किनाऱ्यावर फिनोलेक्सचा पीव्हीसीचा कारखाना उभा राहिला.

घरातल्या बोर्डाची परीक्षा चिपळूणला पुराने घेतली. 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021, दोन्ही वेळा वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरलं. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीत खांब आणि तारा आडव्या केल्या. पुराच्या चिखलात बुडालेला बोर्ड नुसता वाळवून वापरता येत नाही. गाळ आत बसतो, एमसीबीची कळ अडते. असं घर पुन्हा उभं करताना बोर्ड कमरेऐवजी डोक्याच्या उंचीवर घेणं आणि तळमजल्याचं सर्किट वेगळं ठेवणं, ही शहाणपणाची गोष्ट पुराने शिकवली.

नीट केलेला बोर्ड उघडून पाहिला, की त्यात हा सगळा इतिहास क्रमाने लावलेला दिसतो. मीटरनंतर मेन, मग आरसीसीबी, मग एमसीबींची ओळ. दिव्यांच्या सर्किटला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 6 किंवा 10 अँपिअरचा एमसीबी. गीझरच्या पॉवर प्लगला चार चौरस मिलिमीटरची, थेट बोर्डापासून वेगळी ओढलेली वायर आणि तिचा स्वतःचा एमसीबी. लाल फेज बटणातून जाते, काळी न्यूट्रल पट्टीवर, आणि हिरवी दुसऱ्या, वेगळ्या पट्टीवर. आरसीसीबीच्या पलीकडची न्यूट्रल दुसऱ्या कुठल्याही न्यूट्रलला जोडायची नाही. जोडली तर आरसीसीबी कारण नसताना पडते, आणि वैतागलेला घरमालक ती काढूनच टाकतो. रत्नागिरीच्या शासकीय आयटीआयमध्ये वायरमनच्या अभ्यासक्रमात हे सगळं मुलं हाताने करून शिकतात. बोर्डाच्या आत काम त्यांच्यासारख्या प्रशिक्षित, परवानाधारक हातांनीच व्हावं.

घरातल्यांच्या हाती दोन कामं उरतात. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं एक बटण असतं; महिन्यातून एकदा ते दाबावं, लाईट गेली पाहिजे. गेली नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावं. आणि होळीपासून मृग लागेपर्यंत, अंगणातल्या कलमांना पाणी घालताना, एक बादली अर्थिंगच्या नरसाळ्यातही ओतावी.